आज कोणता वार आहे

रविवार, ६ ऑगस्ट

बाळ,

तुझे दोन फोन आलेले मी पाहिले. उचलले नाहीत म्हणून राग मानू नकोस. फोनवर मला पहिल्यापासूनच बोलता येत नाही, आणि त्या दिवसांत तर समोर बसलेल्या माणसाशीही बोलणं जमत नव्हतं. कागदावर जमतं, म्हणून लिहिते आहे.

अक्का गेली त्याला महिना झाला. दुपारी जेवून मी परत कामावर निघाले तेव्हा जरा पडते म्हणाली. मी संध्याकाळी प्रयोगशाळेतून आले तेव्हा चहाचं भांडं घासून पालथं घातलेलं होतं आणि ती कुशीवर होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं, त्रास झाला नसावा. सगळे मला हेच सांगतात, मीही तुला तेच सांगते.

तू निरोपात लिहिलंस, "काही मदत लागल्यास कळवा." ते 'कळवा' मी बराच वेळ बघत बसले. सख्ख्या बहिणीला कुणी 'कळवा' लिहीत नाही. पण आईबाबांच्या नंतर आम्ही दोघी मावशीकडे आणि तू मामाकडे अशी वाटणी झाली, आणि काही वर्षांनी सुट्टीत भेटायला आलास तेव्हा तू अक्काला "तुम्ही कशा आहात" म्हणालास. ती तेव्हा काही बोलली नाही. ती बोलली तुझ्या मुलाच्या लग्नात, मामीला, भर मांडवात, "माझा भाऊ नेलात आणि पाहुणा करून परत पाठवलात." ते चारचौघांत बोलायला नको होतं असं मी म्हटलं, तर मलाच म्हणाली, "मग कुठे बोलू? ती बाई मला एकटी सापडते कधी?" तिच्या जिभेला हाड नव्हतं. मामीनेच तुला वाढवलं, तुला राग येणारच. असो.

मदत लागेल असं वाटतंय. काय ते मलाच अजून नीट सांगता येत नाही. म्हणून आधी इथलं सांगते.

आमच्या गल्लीत, समोरच्या इमारतीत तळमजल्यावर, दोन मुलं आहेत. मुलगा बारा वर्षांचा. त्याला सगळे दादा म्हणतात, सत्तरीतले पोस्टमनआजोबासुद्धा. त्याची बहीण पाच वर्षांची. ती उभी राहिली की गोल फिरते, म्हणून तिचं नाव भिंगरी. बाप ती पोटात असतानाच अपघातात वारला. आई, अक्का नर्स होती त्याच हॉस्पिटलात कपड्यांच्या धुलाईवर होती, ती जानेवारीत गेली. जवळचं नातेवाईक कुणी नाही.

अक्काने तेव्हा गल्लीतल्या घरांना सांगितलं की मुलांना उचलून कुठे ठेवायचं नाही. त्यांचं घर आहे, त्यांच्या गाद्या आहेत, त्यांना तिथेच राहू द्यायचं. आपण जायचं त्यांच्याकडे. मग वार ठरले. ज्याचा वार, त्याच्याकडे मुलांचं जेवण, शाळेचा डबा, दुखलंखुपलं, आणि रात्री त्या घरातलं एक माणूस मुलांच्या खोलीवर झोपायला. खोलीची किल्ली वाराबरोबर फिरते. किल्ली ज्याच्या खिशात, मुलं त्याच्या गळ्यात, असं अक्का म्हणायची. रविवारी किल्ली दादाकडेच असते, आणि सगळेच येऊन जाऊन लक्ष ठेवतात.

भिंगरी माणसांना वारांनीच ओळखते. बेकरीवाला सोमवारकाका. शिवणकाम करणाऱ्या बाई शनिवारकाकू. अक्का मात्र अक्काच. मला ती 'अक्काची' म्हणते. म्हणजे अक्काची बहीण, पण पुढचं गळून पडलंय.

खरं सांगायचं तर गुरुवार अक्काचा होता, माझा नव्हता. मला मुलांची हौस नाही. मी मुलांशी काय बोलायचं असतं ते अजून शिकलेले नाही. मी त्यांच्या थाळ्या धुवायचे आणि कपडे वाळत घालायचे. अक्का गेल्यावरच्या पहिल्या गुरुवारी दोघं नेहमीसारखी जेवायला आली. दादा दारातच म्हणाला, "आम्ही परत जाऊ का?" मी म्हटलं, "बसा." अंडी होती ती उकडली. जाताना बुधवारच्या घरून आलेली किल्ली टेबलावर होती ती मी उचलली, कारण दुसरं कुणी उचलणारं नव्हतं.

तब्येतीला जप.

ताई


शुक्रवार, १८ ऑगस्ट

बाळ,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. वाट पाहत नव्हते, तरी पेटी उघडून बघत होते.

मुलांच्या सरकारी कार्यालयातून काल एक बाई आल्या होत्या. अशा मुलांकडे त्या अधूनमधून येतात. आजवर अक्का त्यांना चहा पाजून, बोलून परत पाठवायची. काल गुरुवार, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी रजा घेतली होती. बाई वाईट नाहीत. दमलेल्या वाटल्या. चपलेचा पट्टा तुटलेला, त्याला पिन लावलेली. आधी दादाशी बोलल्या, शाळा, अभ्यास, झोप. मग भिंगरीला जवळ घेऊन विचारलं, "तुझी आई कुठे आहे गं?"

भिंगरी म्हणाली, "आज कोणता वार आहे?"

"गुरुवार."

"मग मेलीये," भिंगरी म्हणाली.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मलाच कळेना. बाईंनी हळूहळू विचारत सगळं बाहेर काढलं. ते असं आहे. सोमवारी आई मोठ्या हॉस्पिटलात असते आणि बरी होत असते. मंगळवारी ती लांबच्या गावी नोकरीला असते आणि तिचं पत्र यायचं असतं. बुधवारी आईबद्दल विचारलं की ते नवराबायको टीव्ही लावतात, म्हणून बुधवारी आई टीव्हीच्या मागे आहे असं तिला वाटतं. शुक्रवारी औषधाच्या दुकानवाल्या बाईंकडे ती देवाघरी असते. शनिवारी ती नुसतीच 'गेलेली' असते. आणि गुरुवारी मेलेली.

म्हणजे प्रत्येक घराने आपापल्या परीने सांगितलं होतं आणि बाकीचे काय सांगतात ते कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मुलीच्या जेवणाचं, तापाचं, डब्याचं, सगळ्याचं बोलणं किल्ली देताना व्हायचं. याचं मात्र नाही. पाच वर्षांच्या मुलीने त्याचा तिला जुळेल तसा अर्थ लावला. हॉस्पिटलात नर्स म्हणून आयुष्य काढलेली अक्का तेवढी सरळ बोलली होती, तर पोरीने तो अक्काच्या वाराचा नियम समजून घेतला.

पण तेवढ्यावर थांबलं नाही. बाईंनी विचारलं, "मेली म्हणजे काय, कळतं का तुला?"

"हो. शनिवारकाकू मला पण मेली म्हणते."

शनिवारकाकूंना तू ओळखत नाहीस. वाक्यागणिक मेली. "मेली जेवत नाही नीट", "मेलीचे केस बघा", "ये गं मेली जवळ". त्यांच्या तोंडी ते लाडाचं आहे. मुलीच्या हिशेबात आई मेली, तीही मेली, आणि ती तर इथे उभी आहे, म्हणजे आईही कुठेतरी उभी असणार.

कुणाला हसू आलं असतं. बाईंना आलं नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही सगळे चांगली माणसं आहात, पण चांगुलपणाने घर होत नाही. सहा वारांची सहा माणसं, आणि मुलीला आई गेली एवढंही माहीत नाही. मी वर काय सांगू?"

मी म्हटलं, "गल्ली सांभाळते असं सांगा."

"नियमात गल्ली असं काही नसतं हो. घर असतं आणि माणूस असतं. मला एक माणूस दाखवा, या मुलांबरोबर रोज राहणारं. आणि मुलीला नीट सांगा. महिन्याने येते. नाही जमलं तर मुलाला मुलांच्या वसतिगृहात आणि मुलीला मुलींच्या. माझ्या हातात त्याहून जास्त नाही."

दोन्ही वसतिगृहं वेगवेगळ्या गावांना आहेत.

दादा जिन्यात उभा होता. त्याने ऐकलं असावं. मी विचारलं नाही.

ताई


सोमवार, २८ ऑगस्ट

बाळ,

काल सगळे माझ्याकडे जमले. अक्का गेल्यापासून या खोलीत एवढी माणसं आली नव्हती. तिच्या पलंगावर कुणी बसेना, म्हणून सगळे दाटीवाटीने जमिनीवर. शेवटी मीच पलंगावर बसले.

आधी सगळ्यांनी एकमेकांवर ढकललं. औषधवाल्या बाई म्हणाल्या, "मुलांसमोर 'मेली' हा शब्द मी काढणार नाही. स्पष्ट सांगते. किती कठोर वाटतं ते."

शनिवारकाकू म्हणाल्या, "मग काय म्हणायचं? स्वर्गवासी?"

पोस्टमनआजोबांनी सुचवलं, "निवर्तली म्हणावं. सभ्य शब्द आहे."

"आजोबा, पोर पाच वर्षांची आहे. तुमच्यासारख्या तारा नाही वाटल्या तिने."

"मी नोकरीला गेली असं सांगितलं ते तिच्या भल्यासाठीच," आजोबा रागावून म्हणाले. "रोज विचारायची, पत्र आलं का, पत्र आलं का. मी म्हणायचो, उद्या येईल. माझा हातखंडा आहे तो."

सोमवारकाका, म्हणजे बेकरीवाले, डोकं धरून बसले होते. "मी हॉस्पिटलात आहे म्हटलं. आता फिरवू कसं? म्हणेल, काका खोटं बोलले."

"बोललातच की," शनिवारकाकू म्हणाल्या.

"आणि तुम्ही? तुमच्या मेलीमेलीनेच तर घोळ झाला."

"मी? मी आता शब्दच सोडते तो. शपथ. चाळीस वर्षांची सवय आहे मेली, पण सोडते."

कुणाला हसू आवरेना. काकूंना कशाला हसतायत तेच कळेना, मग कळलं आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्या मुलांच्या आईच्या मैत्रीण होत्या. तिलाही त्या मेलीच म्हणायच्या.

मी त्यात फारसं बोलले नाही. मला एवढंच दिसत होतं की 'गेली' म्हटलं की मूल 'कुठे' विचारणार. गेलेलं माणूस परत येतं. बाजारात गेली, कामावर गेली, तसंच. आपण मोठी माणसं दोन्हीसाठी तोच शब्द वापरतो आणि आपल्याला फरक कळतो. तिला कसा कळावा? ते मी म्हटलं, तर औषधवाल्या बाई म्हणाल्या, "मग सांगा तुम्हीच." तो विषय तिथे संपला, म्हणजे माझ्यावर आला.

मग दुसरं. एक माणूस. सगळे छताकडे बघायला लागले. त्यांना दोष नाही. बेकरीवाल्यांची आई अंथरुणाला आहे. बुधवारच्या दोघांची एकच खोली आहे आणि पाळ्या रात्रीच्या. काकूंचे मालक कसे आहेत ते गल्लीला माहीत आहे. आजोबा तर स्वतःच कुणाच्या तरी वारावर येतील आता.

दादा दाराशी बसला होता. त्याला बोलावलं नव्हतं, पण त्याच्याच घराचं बोलणं, त्याला जा कोण म्हणणार? तो म्हणाला, "भिंगरीला कुणीतरी एकाने घ्या. मी वसतिगृहात जातो. मला चालेल."

"गप रे," काकू म्हणाल्या. "मोठा आला शहाणा."

"मला खरंच चालेल. तिथे फुटबॉल आहे."

मी म्हटलं, "मी जाते राहायला तिथे."

बोलून गेले. असं समजू नकोस की माझ्या मनात फार काही उचंबळून आलं. कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि बाकीच्यांच्या घरी माणसं आहेत. माझ्या घरी नाहीत. मी अठ्ठावन्नची. नोकरी अजून आहे. गुडघे दुखतात. त्या खोलीत खिडकी एकच, आणि दादा झोपेत बोलतो. पण वार चालू राहणार आहेत, जेवणं चालू राहणार आहेत. मी फक्त रोज तिथे असायचं.

आता तुझ्याकडची मदत. मुलीला मी सांगायचं आहे आणि मला सांगता येत नाही. आम्हा दोघींना मावशीने काही सांगायची गरज पडली नाही, आम्ही मोठ्या होतो, आम्ही पाहिलं होतं. तू सहा वर्षांचा होतास आणि तुला आधीच मामाकडे पाठवलं होतं. तुला काय सांगितलं? कोणत्या शब्दात सांगितलं? त्याचं पुढे काय झालं? हे अक्काने तुला कधी विचारलं नाही, मीही नाही. आता विचारते, कारण मला उपयोग आहे. दुसरं काही लिहायचं नसेल तर तेवढंच लिही.

ताई


बुधवार, १३ सप्टेंबर

बाळ,

तुझं पत्र मिळालं. मला वाटलं होतं तू लिहिशील की तुला काही सांगितलंच नाही, की मामीने लपवलं. अक्का जन्मभर तसंच समजत होती. तू लिहिलंस ते मी तीनचारदा वाचलं, त्यातलं एवढंच इथे परत लिहून काढते, म्हणजे मला बरोबर कळलं का ते तुला बघता येईल.

"मामाने पहिल्याच दिवशी मांडीवर घेऊन सांगितलं. सरळ शब्दांत सांगितलं. मला कळलंही. पण दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं तर मामी रडायला लागली. तिसऱ्या दिवशीही रडली. मग मी विचारणं बंद केलं. तेव्हापासून मी वाट बघत राहिलो. तुम्ही शब्दाचं फार मनावर घेऊ नका. परत विचारू द्या."

तर मी तसंच करायचं ठरवलं.

सांगितलं ते रविवारी. रविवार कुणाच्याच वाट्याचा नाही, म्हणजे तिने तो कुणाच्या नावावर टाकायला नको. मी आता त्यांच्याकडेच राहते. सकाळी मोरीत दोघांचे शाळेचे बूट घासत होते. भिंगरी बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती, एक मोजा हातात घालून त्याला बोलायला लावत होती. मोजा म्हणाला, "अक्काची, आमची आई कधी येणार?"

मी म्हटलं, "येणार नाही. आई मेली."

"आज रविवार आहे."

"हो. रविवारी पण मेलेलीच आहे."

तिने मोजा काढला. "उद्या?"

"उद्या पण."

"सोमवारकाका म्हणतात..."

"काकांनी चुकीचं सांगितलं. त्यांना वाईट वाटत होतं म्हणून. आता तेही हेच सांगतील."

"मंगळवारी?"

"मंगळवारी पण."

अशी ती सगळ्या वारांमधून गेली. एकेक नाव घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. मी घासत घासत एकेकाला हो म्हणत होते. हात चालू ठेवला नसता तर मला जमलं नसतं. शनिवारी ती जरा थांबली. "मग काकू मला मेली का म्हणते?"

"ती चुकून म्हणते. तू मेलेली नाहीस. मेलेलं माणूस बघत नाही, खात नाही, त्याला दुखत नाही, ते परत येत नाही. तू बघतेस, खातेस."

"पडले की दुखतं."

"हो."

मग ती म्हणाली, "आणि अक्का?"

बाळ, हा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का पण."

"मेली?"

"हो. मेली."

"गुरुवारी पण?"

"गुरुवारी पण."

ती रडली नाही. बादलीवरून उतरली आणि खोलीभर फिरायला लागली, गोल गोल, भिंतीला आपटेपर्यंत, आणि आपटल्यावर रडली, खूप वेळ. मी तिला धरून बसले. माझे हात साबणाचे होते, ते तसेच. ती झोपल्यावर मी बूट परत धुवायला घेतले. ते आधीच स्वच्छ होते.

दादा उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसला होता. पान उलटत नव्हता. मी त्याला म्हटलं, "तुलाही त्रास झाला असेल ऐकून. पण तुला माहीतच होतं."

तो म्हणाला, "माहीत होतं. पण मला कुणी सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"हॉस्पिटलातून अक्का आली, मी दारात होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'दादा, आता भिंगरीला सांभाळायचं.' मग सगळे तेच म्हणाले. आईचं कुणी म्हणालंच नाही."

आठ महिने झाले. सगळ्या वारांनी त्याला दादा म्हणून धरलं आणि पुढे गेले. अक्कानेसुद्धा.

मी त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसले आणि त्यालाही सांगितलं. तेच शब्द. त्याने मान हलवली, पुस्तक मिटलं, आणि मग तो माझ्या खांद्याला कपाळ टेकून बसला. बारा वर्षांच्या मुलाचं डोकं किती जड असतं, मला कल्पना नव्हती.

तू लिहिलंस तसंच होतंय. भिंगरी रोज विचारते. सकाळी विचारते, जेवताना विचारते. मी दर वेळी तेच सांगते. सगळ्या घरांना तसं बजावलंय. औषधवाल्या बाईंनी सुद्धा शब्द काढला म्हणे. आधी आतल्या खोलीत जाऊन दोनदा म्हणून पाहिला.

ताई


रविवार, १ ऑक्टोबर

बाळ,

कार्यालयातल्या बाई परवा येऊन गेल्या.

शुक्रवार होता, पण सगळेच आले. बोलावलं कुणी नव्हतं. बेकरी बंद करून काका आले. पिठाचे हात तसेच. आजोबा जुना गणवेश घालून आले होते, का ते विचारू नकोस. खोलीत मावेनात म्हणून बाकीचे जिन्यात.

बाईंनी माझी ट्रंक बघितली, माझी गादी बघितली. विचारलं, "रोज इथेच?" मी म्हटलं, "रोज." "रजा लागली, आजारी पडलात तर?" जिन्यातून तीन वार एकदम बोलायला लागले. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

मग त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं आणि आईबद्दल विचारलं. भिंगरी म्हणाली, "मेली. सगळ्या वारी." आणि लगेच, "तुमची आई आहे?"

बाई जरा गडबडल्या. म्हणाल्या, "नाही गं राणी. माझी पण गेली."

"कुठे?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. मला करता येण्यासारखी नव्हतीच. दारातून शनिवारकाकू म्हणाल्या, "सांगून टाका बाई. इथे तसंच सांगावं लागतं. नाहीतर ती सोडत नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मेली," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

"उद्या पण?"

"हो. उद्या पण."

भिंगरीने त्यांचा गुडघा थोपटला आणि फिरायला गेली. बाई उठल्या. मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं की मुलं इथेच राहतील, दोघं, एकत्र. माझ्या नावावर. सहा महिन्यांनी पुन्हा बघतील. "तुमच्या वयाचा प्रश्न वर काढतील," त्या मला हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, काढू देत. त्यांना निरोप देऊन मी आत आले आणि बसले ती उठवेना. काकूंनी सगळ्यांना घरी हाकललं.

म्हणजे सहा महिने आहेत. पुढचं पुढे. मला कुणी आनंद झाला का विचारलं तर मी दमले आहे एवढंच सांगता येईल. सकाळी डबे, मग प्रयोगशाळा, मग पुन्हा हीच खोली. माझी खोली बंदच आहे. अक्काचे कपडे अजून काढलेले नाहीत. एखाद्या रविवारी दादाला घेऊन काढीन.

तुझं दुसरं पत्र आलं. तू यावं का असं विचारलं आहेस. अक्काची खोली बघायची आहे असं लिहिलंस. ये. झोपायला आमची तीच खोली आहे, जेवायला त्या दिवशी ज्याचा वार असेल त्याच्याकडे. तुला चालेल असं समजते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, म्हणजे दारात अवघडायला नको. नवीन माणूस दिसलं की भिंगरी सोडत नाही. तुझ्या आईचं विचारेल. मग तू अक्काचा भाऊ आहेस हे तिला कळेल आणि ती अक्काचं विचारेल. तिला 'गेली' सांगून चालणार नाही. दोन्ही वेळा नीट सांगावं लागेल, तिच्याकडे बघून, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर परत. जमणार असेल तर ये.

ताई